दातांतून कळ: पेस्ट, वार्निश की लेझर?

प्रश्न: पावसाळ्यापासून गार पाणी प्यायलं की डाव्या बाजूच्या वरच्या दातांतून सणकन कळ जाते, कोकम सरबत तर घेववतच नाही. सासूबाई म्हणतात लवंगेचं तेल लाव. मेडिकलवाल्याने सेन्सिटिव्हची पेस्ट दिली ती आठवडाभर वापरली, काही फरक नाही. एका दवाखान्यात लेझर करा म्हणाले, खर्च ऐकूनच परत आले. काय करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, लेझरचे पैसे आत्ता पर्समध्येच राहू देत. पेस्ट तुम्ही अर्ध्यातच सोडलीत, तिला निदान महिना द्या.

हिरडी मागे सरकली की दाताच्या मुळाचा भाग उघडा पडतो, त्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच, नसतं, आणि आतल्या डेंटिनमध्ये, म्हणजे कवचाखालच्या थरात, बारीक बारीक नळ्या असतात द्रवाने भरलेल्या. गार लागलं की तो द्रव हलतो आणि नस ओरडते. म्हणजे उपाय दोनच प्रकारचे, नस शांत करायची नाहीतर नळ्यांची तोंडं बुजवायची. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट पहिल्या प्रकारातली, म्हणून ती हळू, फरक कळायला दोन ते चार आठवडे जातात. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनवाली नळ्या बुजवते. ट्यूबवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या, पुढच्या चकचकीत नावावर जाऊ नका. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासा आणि नंतर फेस नुसता थुंका, खळखळून चुळा भरल्यात तर औषध बेसिनात.

आता डाव्या बाजूलाच का, तर उजव्या हाताने आडवा ब्रश जोरात चालवणाऱ्यांचं बरेचदा तिथेच घासलं जातं. आरशात बघा, हिरडीजवळ दाताला खाच पडल्येय का, नखाला अडकते का. अडकत असेल तर पेस्टवर सगळं भागणार नाही, तिथे डेंटिस्टकडून छोटं फिलिंग करून घ्यावं लागतं, माझ्या मते अशा दातासाठी तोच सगळ्यात पैसा वसूल उपाय. खाच नसेल आणि महिन्याने पेस्टने भागलं नाही तर फ्लोराइड वार्निश. ब्रशने दातावर लावतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही, पण झिजतं म्हणून काही महिन्यांनी परत लावावं लागतं. लेझरने काहींना बरं वाटतं, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे आधीचे स्वस्त उपाय सोडून तिथे उडी मारायचं कारण मला तरी दिसत नाही.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दात बधिर करतं, तात्पुरतं. सासूबाई चुकीचं सांगत नाहीत, फक्त रोज लावू नका, हिरडी भाजते.

कोकम, कैरी, आमसुलाचं सार बंद करा असं गुहागरात राहून कोण सांगेल! पण दिवसभर घोट घोट पिऊ नका, जेवणाबरोबर एकदाच घ्या, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश नको, अर्धा तास तरी थांबा, आंबटाने इनॅमल मऊ पडलेलं असतं.

आणि हो, कळ क्षणात जात असेल तरच हे सगळं. गार लागून गेल्यावरही ठणका मागे राहतो, रात्री झोपमोड होते किंवा चावताना दुखतं, तर ती सेन्सिटिव्हिटी नव्हे, आत कीड किंवा नसेची सूज असू शकते, मग एक्सरे काढून घ्या.

प्रश्न: आई मशेरी लावते, ती लावली की दात शांत होतात म्हणते. चालेल का?
– देवगड

उत्तर: अजिबात नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, त्यातल्या निकोटिनने तरतरी येते आणि बरं वाटतं, पण घासून घासून हिरडी मागे जाते आणि तंबाखूने कॅन्सरचा धोका आहेच. एकदम सुटत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८०० ११२ ३५६, फोन फुकट आहे. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरणारी जखम दिसली तर मात्र लगेच दाखवा.