‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणावे की ‘थायमस’? आणि ‘इम्युनोथेरपी’चे काय?

विचारणा अशी आहे: थायमस या छातीतील ग्रंथीवर काम करणाऱ्या एका प्रतिरक्षातज्ज्ञाच्या संशोधनाविषयी मराठीत लिहिताना ‘थायमस’साठी ‘यौवनलोपी ग्रंथी’ ही संज्ञा वापरावी का, आणि ‘कॅन्सर इम्युनोथेरपी’चा अर्थ ‘प्रतिकारशक्ती वाढवून कर्करोगावर केलेला उपचार’ असा दिला तर तो बरोबर ठरेल का? माझे उत्तर दोन्ही बाबतींत नकारार्थी आहे, मात्र पहिला नकार सौम्य आहे आणि दुसरा ठाम.

‘यौवनलोपी ग्रंथी’ ही संज्ञा मराठी विश्वकोशात आहे आणि ती घडवणाऱ्यांनी शरीररचनेतील एक खरे वैशिष्ट्य हेरले होते. उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेला हा अवयव बालपणी चांगला मोठा असतो आणि वयात आल्यानंतर आकसत जाऊन त्याची जागा बरीचशी मेद घेतो. अडचण समासाच्या उकलीत आहे. ‘वनवासी’ म्हणजे वनात वास करणारा, तसे ‘यौवनलोपी’ म्हणजे यौवनात लोप पावणारी; पण ‘मांसभक्षी’ म्हणजे मांस खाणारा, त्या धर्तीवर ‘यौवनलोपी’चा अर्थ यौवनाचा लोप करणारी असाही लागतो. मराठीत ‘लोपणे’ हे अकर्मक क्रियापद असल्यामुळे पहिल्या अर्थाचे पारडे जड आहे हे खरे, तरी ज्याला शरीरशास्त्र ठाऊक नाही तो वाचक दुसऱ्या अर्थाकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही. तारुण्य हिरावून घेणारी ग्रंथी, असा भलताच समज त्यातून होतो.

त्याहून मोठा आक्षेप ‘लोप’ या शब्दावरच आहे. ग्रंथी आकसते, पण संपत नाही. प्रौढ वयातही ती थोड्या प्रमाणात नव्या टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी आणि कर्करोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, पुरवीत राहते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी ती पुष्कळदा काढून टाकली जाते आणि प्रौढांना तिची गरज नसते असे दीर्घकाळ मानले जात होते. बॉस्टनमधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र, ग्रंथी काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के शस्त्रक्रियेनंतरच्या पाच वर्षांत मरण पावले, तर तशीच शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी शाबूत राहिलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते; कर्करोग होण्याचे प्रमाण अनुक्रमे ७.४ आणि ३.७ टक्के आढळले. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, तरी ‘लोपी’ हे विशेषण चिकटवून पुढे लिहीत राहणे यानंतर अवघड व्हावे. ज्या संशोधनाचा सगळा रोख ‘ही ग्रंथी प्रौढपणीही कामाची आहे’ याकडे असेल, त्याच्या वृत्तान्तात प्रत्येक परिच्छेदात तिला लोपलेली म्हणायचे, हा विरोधाभास वाचकाला खटकेलच.

म्हणून ‘थायमस’ किंवा ‘थायमस ग्रंथी’ लिहावे. हा शब्द ग्रीकमधून आला असून थाइम या सुगंधी वनस्पतीशी त्याचा संबंध जोडला जातो. तो परका आहे म्हणून बिचकण्याचे कारण नाही. काळजी घ्यायची ती ‘थायरॉईड’ या शब्दाशी होणाऱ्या गल्लतीची. थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात असते आणि तिचे काम संप्रेरके स्रवण्याचे. थायमस छातीत असते आणि तिचे काम पेशी घडवण्याचे. इम्युनोथेरपीवरील लेखात ही गल्लत विशेष महागात पडते, कारण या उपचारांचा दुष्परिणाम म्हणून कित्येक रुग्णांची थायरॉईड मंदावते. एकाच लेखात दोन्ही नावे रास्तपणे येऊ शकतात आणि मुद्रितशोधकाने त्यांपैकी एक ‘दुरुस्त’ केले की सगळा अर्थ उलटतो.

‘टी-पेशी’ या शब्दाबाबत मराठी वाचकाची एक वेगळीच अडचण होते. त्यातील ‘टी’ हे थायमसच्या रोमन लिपीतील आद्याक्षर आहे, पण मराठीत आपण उच्चार ‘थ’ने सुरू करतो, त्यामुळे दोन शब्दांचे नाते कानाला जाणवत नाही. ते एकदा लिहून सांगावे. प्रतिरक्षातज्ज्ञ जॅक मिलर यांनी १९६१ साली लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा त्या उंदरांच्या रक्तातील लसिका-पेशी (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) घटल्या, ते संसर्गांना बळी पडू लागले आणि परक्या उंदराची त्वचाही त्यांच्या शरीराने नाकारली नाही. तोवर निरुपयोगी मानल्या गेलेल्या या अवयवाचे कार्य अशा रीतीने उघड झाले. टी-पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो आणि त्या परिपक्व होतात थायमसमध्ये. तेव्हा ‘थायमसमध्ये जन्मलेल्या पेशी’ असे लिहू नये, ‘थायमसमध्ये घडलेल्या’ असे लिहावे.

हे घडणे म्हणजे मुख्यतः निवड. ज्या पेशींना शरीरातील प्रथिनांच्या खुणा मुळीच वाचता येत नाहीत त्या मरतात आणि ज्या स्वकीय ऊतींवरच जोराने उठतील त्याही बहुतांशी तिथेच मारल्या जातात; आत आलेल्यांपैकी फारच थोड्या बाहेर पडतात. इंग्रजी संज्ञांवरून ‘सकारात्मक निवड’ आणि ‘नकारात्मक निवड’ असे प्रतिशब्द सर्रास केले जातात, पण मराठीत ‘सकारात्मक’ला आता आशावादाचा वास येतो आणि निवड नकारात्मक कशी असेल हेही कळत नाही. ‘राखण’ आणि ‘वगळणी’ हे साधे शब्द मला अधिक पटतात. या वगळणीतून निसटलेल्या, स्वकीय ऊतींवर उठणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचा शोध जपानी प्रतिरक्षातज्ज्ञ शिमोन साकागुची यांना लागला, तोही नवजात उंदरांची थायमस काढण्याच्या प्रयोगांचा माग काढताना. २०२५च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात ते एक मानकरी आहेत.

आता दुसरा नकार. प्रतिरक्षा म्हणजे केवळ जोर नव्हे, तर जोर आणि आवर यांचा मेळ, हे थायमसच्या कामावरूनच दिसते. कर्करोगावरील इम्युनोथेरपीची सर्वांत गाजलेली शाखा आवराच्या बाजूवर काम करते. टी-पेशीच्या पृष्ठभागावरील सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही प्रथिने तिला थोपवतात आणि कर्करोगाच्या गाठी या सोयीचा गैरफायदा घेतात; प्रतिपिंडांनी ती प्रथिने अडवली की थोपवलेली पेशी पुन्हा कामाला लागते. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळाले ते याच तत्त्वासाठी आणि सीटीएलए-४ अडवणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११ साली अमेरिकेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी मान्य झाले. गाडीचा ब्रेक सोडणे म्हणजे इंजिन मोठे करणे नव्हे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ असे म्हटले की वाचकाला काढे आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आठवतात, आणि या उपचाराने शरीर स्वतःच्याच आतड्यावर किंवा थायरॉईडवर का उलटते, याचा उलगडाही त्या शब्दांतून होत नाही.

‘प्रतिरक्षा-उपचार’ हा प्रतिशब्द नेमका आहे, कारण वाढवणे की मोकळे करणे हे तो आधीच ठरवून टाकत नाही. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून त्यांत बदल करून परत देण्याचा कार-टी (CAR-T) उपचारही त्यात सहज बसतो. पहिल्या उल्लेखात तो आणि ‘इम्युनोथेरपी’ जोडीने द्यावेत व पुढे कोणताही एक चालवावा. टी-पेशीला थोपवणाऱ्या वरील प्रथिनांना इंग्रजीत ‘चेकपॉइंट’ म्हणतात; त्यासाठी ‘तपासनाका’ टाळावा. तिथे कोणी कागदपत्रे पाहत नाही, ‘रोधक’ वा ‘आवर’ पुरेसे आहे.

राहता राहिले लिंग. ‘थायमस’ अवयव म्हणून पुल्लिंगी आणि ग्रंथी म्हणून स्त्रीलिंगी, असे दोन्ही प्रयोग कानावर येतात. ‘ग्रंथी’ हा शब्द जवळपास येणारच, म्हणून मी स्त्रीलिंग पत्करतो. आपण पुल्लिंग निवडले तरी हरकत नाही, फक्त एका लेखात ‘थायमस आकसतो’ आणि ‘थायमस आकसते’ असे दोन्ही नसावे. शिवाय स्वतंत्र शब्द ‘ग्रंथी’ असा दीर्घान्त लिहायचा, पण समासात पूर्वपदी आल्यास ‘ग्रंथिशोथ’सारखा ऱ्हस्व.