समुद्र न पाहिलेल्या पोरीला त्सुनामीचा अभ्यास जमेल का?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. त्सुनामीवर संशोधन करायचं म्हणते. आमची दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती, घरात कोणी समुद्र पाहिलेला नाही. यात पोट भरेल का?
(एक पालक, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, नमस्कार.

समुद्राची चिंता सोडा, या विषयात आधी गणित लागतं. पोरीला एक हिशेब करू द्या. समुद्राची खोली मीटरमध्ये घ्यायची, ९.८ ने गुणायची, वर्गमूळ काढायचं. ४००० मीटर खोलीवर लाटेचा वेग येतो सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. किनाऱ्याशी खोली १० मीटर उरली की तीच लाट ताशी ३५ किलोमीटरवर येते आणि उंच होते. यात तिला गोडी वाटली तर अडवू नका.

२६ डिसेंबर २००४ ला इंडोनेशियातल्या सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेली लाट चेन्नईला यायला दोन तासांहून जास्त लागले, पण सावध करणारी यंत्रणाच नव्हती. २००७ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. आता भूकंपमापक आणि समुद्रतळावरचे दाबमापक बघून काही मिनिटांत अंदाज निघतो. मात्र २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालूला लाट मिनिटांतच धडकली. तिथे जमीन हादरताच उंचावर पळणारी माणसंच वाचू शकतात. म्हणून ओडिशातल्या वेंकटरायपूर, नोलियासाही या गावांनी पळायच्या वाटा ठरवल्या, सराव केले, आणि २०२० मध्ये त्यांना त्सुनामीसाठी सज्ज गावं म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. हे काम मला लाटेच्या गणिताइतकंच मोलाचं वाटतं. धरणाची दारं उघडल्याचा निरोप नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत जाताना कुठे अडतो, हे आपल्याकडच्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. तिथे तुमची मुलगी शहरातल्या मुलांच्या पुढे असेल.

पोटाचं स्पष्ट सांगतो. निव्वळ त्सुनामीच्या जागा मोजक्या, आणि सुरुवातीच्या बऱ्याचशा कंत्राटी. म्हणून पाया रुंद ठेवा. बारावीला गणित सुटू देऊ नका. मग फिजिक्स-गणित घेऊन बी.एस्सी. आणि जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत भूभौतिकीची, म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या फिजिक्सची एम.एस्सी. त्यावर भूजल, खनिज, तेल संशोधनाची दारंही उघडतात. लोकांमध्ये राहून काम करायचं असेल, तर मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे.

जॅम इंग्रजीतच असते, तेव्हा फिजिक्सचं एक इंग्रजी पुस्तक आत्तापासून हाताशी असू द्या. बी.एस्सी.साठी यवतमाळ किंवा अमरावतीचं कॉलेज चालेल. नागपूरच्या महागड्या क्लाससाठी कर्ज मात्र काढू नका.