वाचकांचे प्रश्न : डोनरचा रिपोर्ट वेळेत जात नाहीये, काय करू?

या वेळी सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्यांची पत्रं बरीच आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच, डोनरला, म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्याला, द्यायचा रिपोर्ट दर वेळी रखडतो. त्यातले चार प्रश्न घेतलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत. पहिल्याला जास्त जागा दिलीये कारण बाकीच्या तिघांचंही मूळ बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मी एका संस्थेत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. आमचे पाच डोनर, कुणाला तिमाही रिपोर्ट लागतो, कुणाला सहामाही, कुणाला वर्षाचा, आणि प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा. शेवटच्या दोन-तीन रात्री जागून कसाबसा रिपोर्ट काढतो. फिल्डवरून माहिती येतच नाही, आली तर अर्धवट येते. मला लिहायला वेळ लागत नाही हो, पण लिहायला हातात काही असायला तर पाहिजे ना.

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्हीच दुखणं नेमकं सांगितलंत. लिहिण्याचं काम दोन दिवसांचं असतं, वेळ जातो तो आकडे आणि बिलं गोळा करण्यात. म्हणून कॅलेंडरवर फक्त डोनरची तारीख लिहून काही उपयोग नाही, तिच्या आधीची एक तारीख लागते, फिल्डची माहिती बंद करायची तारीख. समजा तिमाही संपल्यावर रिपोर्टला ३० दिवस मिळतात, तर मी माहिती ७ तारखेला बंद करते, १५ पर्यंत अकाउंट्सशी आकडे जुळवायचे, २० ला कच्चा मसुदा, मग संचालकांना वाचायला पूर्ण तीन दिवस आणि वर थोडे दिवस हाताशी. ७ नंतर आलेली माहिती पुढच्या रिपोर्टात जाणार हे फिल्ड टीमला आधीच सांगून ठेवायचं आणि स्वतःही पाळायचं, एकदा का तुम्ही १८ तारखेला आलेला आकडा घुसवलात की पुढच्या वेळी सगळेच १८ ला पाठवणार.

पण त्याच्याही आधी एक काम करा, पाचही ग्रँट ॲग्रीमेंट, म्हणजे डोनरशी झालेले अनुदानाचे करार, स्वतः बसून वाचा. बऱ्याच संस्थांत ॲग्रीमेंट संचालकांच्या कपाटात असतं नाहीतर अकाउंटंटच्या मेलमध्ये, आणि जो रिपोर्ट लिहितो त्याने ते कधी पाहिलेलंच नसतं. त्यात बघायचं ते असं की दिवस कधीपासून मोजायचेत, कामाचा आणि पैशाचा रिपोर्ट एकाच तारखेला आहे की वेगवेगळ्या, मेल करायचा की पोर्टलवर भरायचा, आणि सही कुणाची. सहीचं आणि पोर्टलचं हसण्यावारी नेऊ नका. रिपोर्ट तयार आहे, संध्याकाळचे सहा वाजलेत, आणि पोर्टलचा ओटीपी जातोय दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर, हे खरंच होतं आणि एका संस्थेत नाही, अनेक ठिकाणी होतं. लॉगिन संस्थेच्या ईमेलवर ठेवा आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधी एकदा उघडून बघा.

मुदती किती वेगळ्या असतात बघा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ग्रँटला शेवटचा रिपोर्ट द्यायला प्रोजेक्ट संपल्यापासून १२० दिवस मिळतात, पण ती ग्रँट मोठ्या संस्थेला मिळालीये आणि तुम्ही तिचे भागीदार म्हणून काम करताय तर तुमच्या हातात ९० च दिवस, कारण तुमचे आकडे घेऊन मग त्यांना त्यांचा रिपोर्ट करायचाय. युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप कार्यक्रमात प्रत्येक टप्पा संपल्यावर ६० दिवस. आपल्याकडे केंद्र सरकारच्या अनुदानाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच वापरल्याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं असतं, ऐकायला खूप वाटतं ना, पण आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या, अनुदानाचा पुढचा पैसा मागच्याचा हिशोब दिल्याशिवाय सहसा सुटत नाही, म्हणजे जेवढा उशीर तुम्ही कराल तेवढा तुमचाच पैसा अडकतो. खासगी फाउंडेशनचं तर प्रत्येकाचं वेगळं. तेव्हा "साधारण महिनाभर असतो" असं गृहीत धरून चालू नका.

आता फिल्डच्या माहितीबद्दल, कारण खरी कसरत तिथे आहे. एक हजेरीपत्रक घ्या आणि नीट बघा. डोनरला जाणून घ्यायचंय की किती महिलांना प्रशिक्षण मिळालं, आणि आपल्या हातात काय आहे तर तीन प्रशिक्षणांच्या तीन याद्या. एकीत नाव "सुनीता", दुसरीत "सुनिता", तिसरीत नुसतीच सही, गावाचा रकाना कोरा. ही एक बाई की तीन? रिपोर्टच्या आदल्या रात्री हे कुणालाच सांगता येत नाही, त्या दिवशी तिथे जी कार्यकर्ती होती तिलाच ते माहीत होतं आणि तिला आता चार महिन्यांनंतर आठवत नाहीये. प्रत्येक सहभागीला पहिल्याच दिवशी एक नंबर द्या, तोच नंबर पुढच्या प्रत्येक यादीत लिहा, म्हणजे माणसं किती आणि हजेऱ्या किती हे दोन वेगळे आकडे आपोआप निघतात. मी पाहिलेल्या निम्म्या रिपोर्टांत हे दोन आकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि डोनरचा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो, मग पुढचे दोन आठवडे खुलासे देण्यात जातात.

आणि फिल्डवरच्या लोकांवर चिडू नका प्लीज. पाच डोनरचे पाच फॉर्म तुम्ही एकाच कार्यकर्तीला भरायला लावत असाल तर ती कुठला तरी एक उशिरा भरणारच. सगळ्या डोनरना जे लागतं ते एकत्र करून एकच मासिक फॉर्म बनवा, शक्यतो एका पानाचा, त्यातून तुमचे पाच रिपोर्ट ऑफिसमध्ये निघू देत. आणि तिने पाठवलेल्या माहितीचं पुढे काय झालं ते तिला दाखवा, छापलेला रिपोर्ट तिच्या हातात द्या. आपला आकडा कुठे वापरला जातो हे ज्यांना दिसतं ते माहिती वेळेवर पाठवतात, हे मी ठामपणे सांगते.

प्रश्न : मी संस्थेत अकाउंटंट आहे. प्रोग्रामची मंडळी रिपोर्टच्या दोन दिवस आधी येऊन खर्चाचे आकडे मागतात आणि ते त्यांच्या बजेटशी जुळत नाहीत म्हणून मलाच बोलतात. माझी पुस्तकं चोख आहेत. चूक कुणाची?

उत्तर : दादा, पुस्तकं चोख असतीलच, त्यात शंका नाही. पण डोनरच्या बजेटमध्ये हेड, म्हणजे खर्चाचं शीर्षक, आहे "प्रशिक्षण साहित्य" आणि टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच खर्च पडलाय "स्टेशनरी व छपाई" मध्ये, ज्यात ऑफिसची रजिस्टरं आणि दुसऱ्या प्रोजेक्टचे बॅनर पण आहेत. दोन्ही बरोबर, तरी जुळणार नाही, आणि मग रात्री एकेक व्हाउचर काढून बघायचं की हे कुठल्या प्रोजेक्टचं. ग्रँट आली की पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्टवाल्यांबरोबर बसा, डोनरचं प्रत्येक हेड टॅलीतल्या कुठल्या लेजरला (खात्याला) जोडायचं ते लिहून काढा, प्रत्येक डोनरचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे त्याचा खर्च वेगळा दिसेल असा गट, करा आणि व्हाउचर पास करतानाच त्यावर प्रोजेक्टचा कोड आणि हेड लिहून घ्या. कोड नसलेलं व्हाउचर परत पाठवायचा अधिकार तुम्हाला आहे, तो वापरा, सुरुवातीला कुरकुर होईल.

दुसरं म्हणजे दर महिन्याला अर्धा तास बजेट आणि खर्च समोरासमोर ठेवून बोला. यात नुसता झालेला खर्च बघू नका, ठरलेला पण न दिलेला खर्चही बघा, ट्रेनरचं मानधन बाकी आहे, भाड्याचं बिल आलं नाहीये वगैरे. सहाव्या महिन्यात कळलं की प्रवासाचं हेड संपत आलंय आणि साहित्याचं पडून आहे तर डोनरला विचारून बदल करता येतो. बऱ्याच करारांत एका हेडमधून दुसऱ्यात ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम हलवायची असेल तर आधी लेखी परवानगी लागते, ही टक्केवारी तुमच्या करारात बघून ठेवा. खर्च झाल्यावर परवानगी मागितली तर डोनरला इच्छा असून देता येत नाही.

आणि सीएंची वेळ आधी घ्या. ऑडिटच्या हंगामात त्यांच्याकडे ढीग असतो, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सही आजच्या आज पाहिजे म्हटलं तर ते तरी काय करणार, त्यांना व्हाउचर तपासल्याशिवाय सही करता येत नाही आणि त्यांनी तशी करूही नये.

प्रश्न : छोट्या संस्थेची संचालक आहे. रिपोर्ट चार दिवसांनी द्यायचाय, कोऑर्डिनेटर मागच्या महिन्यात सोडून गेला, एका तालुक्याची माहिती सापडत नाहीये. डोनरला कळवलं तर पुढची ग्रँट जाईल अशी भीती वाटते. अंदाजे आकडे टाकून रिपोर्ट देऊन टाकू का?

उत्तर : ताई, अंदाजे आकडे खरे म्हणून टाकू नका. उशीर माफ होतो, आकडा खोटा निघाला की माफी नाही, आणि तो निघतोच, पुढच्या वर्षीच्या रिपोर्टात नाहीतर डोनर फिल्डवर आल्यावर.

आजच मेल करा, उद्या नाही. फार मोठा नको, साधारण असा: "कोऑर्डिनेटर बदलल्यामुळे एका तालुक्याची माहिती पुन्हा पडताळतोय. खर्चाचा रिपोर्ट आणि बाकी तालुक्यांची माहिती ठरल्या तारखेलाच पाठवतोय, उरलेला भाग अमुक तारखेपर्यंत देऊ, चालेल का?" आणि ती अमुक तारीख अशी द्या की तुम्ही ती नक्की पाळाल. दुसऱ्यांदा मुदतवाढ मागायची वेळ आली तर पहिल्या मेलने कमावलेला विश्वास जातो.

डोनरकडच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा, त्याच्यामागेही कुणीतरी तारीख घेऊन उभं असतं. आपल्याकडच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, पैसा देणाऱ्या कंपन्या मार्चमध्ये जीव खातात असं सगळे म्हणतात, पण चालू प्रोजेक्टचे न वापरलेले पैसे त्यांना वर्ष संपल्यापासून ३० दिवसांच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात, आणि दिलेला पैसा ठरल्या कामालाच वापरला गेला हे कंपनीच्या वित्तप्रमुखाने प्रमाणित करायचं असतं. तुमचा आकडा आल्याशिवाय तो माणूस सही कशावर करणार? चार दिवस आधी कळलं तर तो काहीतरी सोय करू शकतो, मुदत उलटल्यावर कळलं तर त्याला वरच्यांसमोर तोंड लपवावं लागतं आणि हे तो विसरत नाही.

रिपोर्टची मुदत वाढवणं वेगळं आणि प्रोजेक्टची मुदत वाढवणं वेगळं, हेही लक्षात घ्या. काम अपुरं आणि पैसे शिल्लक असतील तर जादा पैसे न मागता फक्त कालावधी वाढवून मागता येतो, पण तो प्रोजेक्ट संपायच्या आत. अमेरिकन सरकारी ग्रँटमध्ये एकदाच मिळणाऱ्या अशा वाढीसाठी निदान १० दिवस आधी कळवायचं असतं, तुमच्या डोनरचा नियम करारात असेल.

माहिती शोधायला आधी गेलेल्या कोऑर्डिनेटरलाच फोन करा. बहुतेक लोक आपुलकीने मदत करतात. यापुढे मात्र सोडून जाणाऱ्याचा शेवटचा पगार देण्याआधी सगळ्या फाइली संस्थेच्या ड्राइव्हवर आल्यात की नाही ते कुणीतरी उघडून बघायलाच हवं.

प्रश्न : आम्ही फिल्डवर काम करतो. ऑफिसवाले रिपोर्टच्या वेळी अचानक फोटो आणि एखादी यशोगाथा मागतात. तेव्हा कुठून आणायची?

उत्तर : अचानक आणूच नका. महिन्याला एका माणसाची गोष्ट, दहा-बारा ओळींत, त्याच दिवशी फोनमध्ये बोलून ठेवलीत तरी चालेल, आधी काय होतं, काय बदललं आणि काय अजूनही बदललेलं नाही. हे तिसरं जरूर लिहा, ऑफिसने ते कापलं तर त्यांना माझं हे उत्तर दाखवा. फोटो घेण्याआधी विचारायचं, कशासाठी घेतोय ते सांगायचं, लहान मुलं असतील तर आईवडिलांची लेखी संमती. फोटोखाली तारीख, गाव आणि काय चाललंय एवढं त्याच संध्याकाळी लिहा, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सोडू नका, तिथे फोटोची क्वालिटीही घटते आणि नंतर सापडतही नाही, ऑफिसला एक फोल्डर करायला सांगा आणि थेट त्यात टाका.