बंद पडलेल्या स्टुडिओचं साहित्य लिलावातून घ्यावं का?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय की नाशिकमधल्या एका स्टुडिओचं कर्ज थकलं, बँकेनं सामान ताब्यात घेतलं आणि आता लिलाव आहे. यादीत ॲनालॉग कन्सोल (सगळे आवाज एकत्र करणारं मोठं मिक्सिंग टेबल), जुनी प्रो टूल्स एचडी सिस्टीम (कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायची), मॉनिटर म्हणजे स्टुडिओचे स्पीकर आणि काही माइक आहेत. खिशात चार लाख आहेत. बोली लावावी का, आणि लावली तर कितीपर्यंत?

लावा. पण त्याआधी त्या स्टुडिओतली मशीनं कोण दुरुस्त करायचं त्या माणसाला शोधून काढा, तो मागेल ती फी द्या आणि पाहणीच्या दिवशी त्याला सोबत घेऊन जा. तो भेटला नाही, तर कन्सोलच्या वाटेला जाऊ नका. सहा हजार रुपये वाचवायला गेलो आणि आमचं काय झालं, ते आता सांगतो.

२०१३ची गोष्ट. पुण्यात कर्वेनगरला मी आणि माझे दाजी, दोघांनी भागीदारीत स्टुडिओ काढला होता. अभंग, भावगीतं, शाळांची समूहगीतं, जाहिरातींचे आवाज, अशी कामं असायची. अंधेरी पश्चिमेच्या एका स्टुडिओच्या लिलावाची नोटीस पेपरात आली. बत्तीस चॅनलचा ब्रिटिश बनावटीचा कन्सोल होता. तो स्टुडिओ मला आधीपासून माहीत होता, तिथं मी हार्मोनियमच्या साथीला बसलो होतो आणि त्या कन्सोलवरून आलेला आवाज कानात राहिला होता. आम्ही दहा टक्के अनामत भरली.

तिथली मशीनं सांभाळणारे काका लालबागला राहायचे. वय पासष्टच्या पुढे, चाळीस वर्षं हातात सोल्डरिंग आयर्न. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "येतो, दिवसाचे सहा हजार घेईन." दाजींनी साफ नकार दिला. म्हणाले, "बँकेचा माल आहे, बँक कशाला फसवेल? आणि बघायला तू आहेसच की." मी गप्प बसलो. निम्मे पैसे माझे होते, मी अडून बसायला हवं होतं. बसलो नाही.

पाहणीला एक दिवस, अकरा ते चार. वीज तोडलेली, म्हणून एकही मशीन चालू करून बघता येईना. टॉर्चच्या उजेडात मी फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वरखाली करून पाहिले, बटणं दाबली, मागचे कनेक्टर बघितले. सगळं जागच्या जागी होतं. यादीत कन्सोल सातव्या लॉटमध्ये, म्हणजे एकत्र विकायच्या गटात, आणि माइक आठव्यात. चौदाव्या लॉटपुढे लिहिलं होतं, "यूपीएस, बॅटऱ्या, स्टॅबिलायझर व इतर इलेक्ट्रिकल साहित्य". तो मी नीट वाचलासुद्धा नाही.

कन्सोल २ लाख ८५ हजारांना आमच्या नावावर तीन वार झाला. वर साडेबारा टक्के व्हॅट, म्हणजे ३ लाख २० हजार. दाजींनी तिथंच पेढे वाटले. चौदावा लॉट कुर्ल्याच्या एका भंगारवाल्यानं घेतला आणि त्याच संध्याकाळी उचलून नेला.

सामान तीन दिवसांत हलवायचं होतं, नाहीतर रोजचं भाडं. मल्टिकोर केबलचे जुडगे फरशीखालच्या चरातून पॅचबेकडे (सगळ्या जोडण्या जिथं येतात त्या फळीकडे) गेलेले होते. एकेक कनेक्टर सोडवून, चिठ्ठी लावून ते काढायला दोन माणसांना दोन दिवस लागतात. दाजींनी हमाल लावले आणि त्यांनी हॅकसॉनं जुडगे कापले. मी खाली टेम्पोवाल्याशी बोलत होतो. वर आलो तर काम उरकलेलं. एका चॅनलला माइक, लाइन, इन्सर्टचा (मध्ये दुसरं मशीन जोडायच्या वाटेचा) जाणारा, इन्सर्टचा येणारा आणि रेकॉर्डरकडे जाणारा अशा पाच वायरी, म्हणजे बत्तीस चॅनलच्या एकशे साठ. प्रत्येक वायरीला सोल्डरिंगचे तीन टाके. एका टोकाचेच चारशे ऐंशी टाके झाले, आणि कुठली वायर कुठली हे सांगणारी एकही चिठ्ठी नाही.

पुण्यात कन्सोल बसवला आणि वीज कुठून द्यायची ते दिसेना. मी काकांना पुन्हा फोन केला. या वेळी दाजी काही बोलले नाहीत. काका पहाटेच्या गाडीनं आले, कन्सोलभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पॉवर सप्लाय कुठंय?"

मोठ्या ॲनालॉग कन्सोलचा पॉवर सप्लाय बहुतेक वेळा बाहेर असतो. पंख्याचा आवाज आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तो वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथून जाड केबलनं कन्सोलला आवाज वाढवणाऱ्या ऑपॅम्प चिपांसाठी अधिक-उणे अठराच्या आसपासचे व्होल्ट, विजेवर चालणाऱ्या कंडेन्सर माइकसाठी अठ्ठेचाळीस व्होल्ट फँटम वीज आणि दिवे-रिलेंसाठी वेगळी वीज जाते. माहीत नसलेल्याला ते खोकं यूपीएससारखंच दिसतं. बँकेच्या माणसालाही तसंच दिसलं असणार, म्हणून ते चौदाव्या लॉटमध्ये गेलं. मला पुस्तकातून हे ठाऊक होतं, पण त्या दिवशी अंधारात सुचलं नाही. काकांना दारातच सुचलं असतं.

कुर्ल्याचा तो भंगारवाला आम्हाला नवव्या दिवशी सापडला. माणूस चांगला होता, चहा पाजला. पण ट्रान्सफॉर्मर फोडून त्यातलं तांबं केव्हाच विकलं गेलं होतं, नुसता पत्र्याचा डबा उरलेला. डबा त्यानं फुकट दिला.

काकांनी त्यांच्या जुन्या वहीतल्या नोंदी काढून नवा सप्लाय बांधला. त्याचे ७४ हजार झाले. केबल, कनेक्टर आणि टाक्यांची मजुरी ६१ हजार. टेम्पो-हमाली १८ हजार. एकूण ४ लाख ७३ हजार, आणि आठ महिने ती खोली बंद. एवढं झाल्यावर कन्सोल सुरू झाला आणि उत्तम वाजला. पहिलं रेकॉर्डिंग पखवाजाचं होतं. धुमाची, म्हणजे डावी घुमणारी, बाजू मी त्याआधी कधीच इतकी भरीव पकडली नव्हती.

तरीही घरातल्या प्रत्येक कार्यात दाजी सगळ्यांसमोर सांगतात, "याच्या जुन्या मालाच्या नादापायी पाच लाख बुडाले." दाजी, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे खरं नाही. माल जुना होता म्हणून पैसे गेले नाहीत. माल ओळखणारा माणूस आपण सोबत नेला नाही म्हणून गेले, आणि माल सोडवायला घाई केली म्हणून गेले. त्याच लिलावातला आठवा लॉट मी माझ्या एकट्याच्या पैशानं ६२ हजारांना घेतला, तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता. त्यातला जुना नॉयमन यू ८७ आजही रोज कामाला आहे. यू ८७ १९६७पासून बनतोय आणि व्यवस्थित ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो. जुना माल वाईट, असं त्या माइकसमोर उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

आता नाशिकच्या यादीकडे.

माइक सगळ्यात आधी. कंडेन्सर माइकच्या जाळीतून टॉर्च मारून आतली सोन्याचा थर दिलेली चकती बघा. त्यावर डाग किंवा बुरशीसारखं काही दिसलं, तर पावसाळ्यात तो फटफट आवाज करणार असं धरून चाला. नंतर घरी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. प्रसिद्ध मॉडेलांच्या नकला बाजारात फार आहेत, म्हणून वजन, कोरलेली अक्षरं आणि सिरियल नंबर तपासा. शंका आली तर नकली समजूनच बोली लावा.

मॉनिटरचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) दोन्ही तळव्यांनी हलकेच आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे. कडेचा फोम बोटानं चुरगळला तर तो बदलावा लागेल, ते काम फार महाग नसतं. यामाहा एनएस-१० असतील तर जास्त काळजी घ्या, ते २००१मध्येच बंद झाले आणि त्यांचे मूळ वूफर आता मिळत नाहीत.

जुनी टीडीएम कार्डांची (आवाजाचं काम कॉम्प्युटरऐवजी स्वतः करणाऱ्या कार्डांची) प्रो टूल्स एचडी सिस्टीम असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. ती कार्डं चालवणारी शेवटची आवृत्ती प्रो टूल्स १०, म्हणजे जुना कॉम्प्युटर आणि जुनी ऑपरेटिंग सिस्टीम कायमची गळ्यात. आयलॉक डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेलं यूएसबी) हातात आलं तरी त्यातली लायसन्सं आधीच्या मालकाच्या खात्यावर असतात. ती त्यानं स्वतः हस्तांतरित केल्याशिवाय तुमची होत नाहीत, आणि दिवाळं निघालेला मालक तुमच्यासाठी लॅपटॉप उघडून बसत नाही.

कन्सोलचा आकडा न बघता सांगता येणार नाही. पॉवर सप्लाय, सगळे जुडगे आणि सर्व्हिस मॅन्युअल त्याच लॉटमध्ये असल्याचं बँकेकडून लिहून मिळालं, तरच बोली लावा, आणि चारपैकी किमान दीड लाख दुरुस्तीला बाजूला ठेवा. पंधरा-वीस वर्षांच्या मशीनमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बरेचदा सुकलेले असतात. एका चॅनलमध्ये असे डझनांनी असतात.

आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझा अनुभव समोरासमोरच्या बोलीचा आहे, आता बहुतेक लिलाव ऑनलाइन होतात. व्हॅटच्या जागी जीएसटी आला. "जसं आहे, जिथं आहे" या अटीवर घेतलेल्या मालाची जबाबदारी बँक घेत नाही. स्टुडिओत दुसऱ्याचे भाड्यानं आणलेले माइकही पडून असू शकतात, त्यांच्या मालकीचं आधी लेखी विचारा. आणि तुमचं काम फक्त आवाज आणि दोन वाद्यांपुरतं असेल तर कन्सोल घेऊच नका. चांगला माइक घ्या आणि उरलेले पैसे खोलीतला आवाज सुधारण्यावर खर्च करा.

दुरुस्तीचा माणूस कसा शोधायचा, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. त्या स्टुडिओच्या वॉचमनला गाठा आणि विचारा, मशीन बिघडलं की रात्री-अपरात्री कोण यायचं. त्याला नाव माहीत असतं, बहुतेक वेळा फोन नंबरही असतो.