‘मी स्त्रीवादी नाही, पण…’ यातल्या ‘पण’विषयी

प्रश्न: समान पगार, शिक्षण, मतदान हे सगळं हवं असतं, तरी बऱ्याच बायका ‘मी स्त्रीवादी नाही’ असं आवर्जून का सांगतात? याला कृतघ्नपणा म्हणायचं का?

कृतघ्न म्हणायचंच असेल तर सुरुवात माझ्यापासून करा.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्याच दिवशी, माझ्याच पदावर लागलेल्या मुलाला पगारवाढ मिळाली, मला नाही. दोन दिवस वाक्यं घोकून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खुर्चीत बसले आणि तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: “सर, मी काही स्त्रीवादी वगैरे नाही, पण…” मी आत आल्यापासून साहेब हातातल्या पेनाचं टोपण उघडझाप करत होते. हे वाक्य ऐकल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. आता बाई भांडणार नाही, एवढं त्यांना कळलं होतं. मला पगारवाढ मिळाली, त्या मुलाच्या निम्मी.

याला मराठीत नेमकी म्हण आहे, ताकाला जाऊन भांडं लपवणं. पण भांडं का लपवावं लागतं हेही बघा. स्त्रीवादी म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एक तयार बाई उभी राहते: कर्कश, पुरुषद्वेष्टी, विनोद न कळणारी, दुसऱ्यांचे संसार मोडायला टपलेली. मागणीबद्दल बोलायच्या आधी त्या बाईशी आपला काही संबंध नाही हे सिद्ध करावं लागतं. मी सिद्ध केलं. फायदा किती झाला ते वर सांगितलंच आहे. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो.

‘स्त्रीवाद’ ज्यावरून आला त्या ‘फेमिनिझम’ शब्दाचं नशीब पहिल्यापासूनच असं आहे. फ्रेंचमध्ये १८७१ साली तो एका वैद्यकीय प्रबंधात आला, क्षयाच्या पुरुष रुग्णांमध्ये दिसणाऱ्या बायकी लक्षणांसाठी. पुढच्याच वर्षी धाकट्या अलेक्झांडर द्यूमा या लेखकानं स्त्रियांचे हक्क मागणाऱ्यांना चिडवायला तो वापरला. ह्यूबर्टीन ऑक्लेर या मताधिकारवादी बाईनं १८८२ च्या सुमारास तो उचलून स्वतःला लावला. म्हणजे आधी आजार, मग टोमणा आणि मग बिल्ला. मराठीत त्यात आणखी एक भर पडली. आपल्याकडे ‘वाद’ म्हणजे विचारसरणी आणि ‘वाद’ म्हणजे भांडणही. ‘वादी’ तर कोर्टात उभा असतो. शब्द कानावर पडताच समोरचा माणूस नकळत प्रतिवादी होऊन बसतो.

हे झालं ‘पण’ लावणाऱ्यांचं. ‘मी स्त्रीवादी नाही’ म्हणून तिथेच पूर्णविराम देणाऱ्या बायका वेगळ्या, आणि मला त्यांच्याबद्दलच जास्त सांगायचं आहे. दोघींना एका पारड्यात घातलं की तुमच्यासारखा प्रश्न पडतो.

पूर्णविरामवाल्यांपैकी काहींना चळवळीनंच दाराबाहेर उभं केलं होतं. ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी बायकांचा मोठा मोर्चा निघाला. दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका नाराज होतील म्हणून कृष्णवर्णीय बायकांना मागे चालायला सांगण्यात आलं. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईनं ते ऐकलं नाही. मोर्चा सुरू झाल्यावर ती सरळ आपल्या इलिनॉय राज्याच्या गटात शिरली. पण ज्या मागे चालल्या त्यांच्या नातींनी पुढे हा शब्द हौसेनं का लावून घ्यावा? लेखिका ॲलिस वॉकरनं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या स्त्रीवादासाठी ‘वुमनिस्ट’ हा वेगळा शब्द रुजवला, त्यामागे हाच इतिहास आहे.

दुसरं उदाहरण तर मजेशीर आहे. महिला दिनाचा प्रस्ताव १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत मांडला तो जर्मन समाजवादी क्लारा झेटकिननं. तिच्या लेखी तेव्हाची स्त्रीवादी चळवळ ही मालक वर्गातल्या बायकांची होती, आणि कामगार बाईनं तिच्या नादी लागू नये असं तिचं ठाम मत होतं. आज तिच्याच दिवशी सगळीकडे स्त्रीवादावर भाषणं होतात. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचंही तसंच. स्त्रीवादाचा पाया म्हणून जिचं १९४९ चं पुस्तक दाखवतात, ती पुढची वीसेक वर्षं स्वतःला स्त्रीवादी म्हणत नव्हती. समाजवाद आला की हा प्रश्न आपोआप सुटेल असं तिला वाटायचं. तो तसा सुटत नाही हे पटल्यावर, १९७२ मध्ये, तिनं तो शब्द स्वीकारला.

आमच्या ऑफिसातही महिला दिनाला वक्त्या बोलावतात. एका वर्षी ‘वरच्या पदांवर बायका का नाहीत’ यावर छान भाषण झालं. साफसफाई करणाऱ्या बाई दारापाशी उभ्या होत्या. मी खुणेनं त्यांना आत बोलावलं, रिकामी खुर्ची दाखवली. त्या वाकून कानाशी म्हणाल्या, “मॅडम, हॉल किती वाजता मोकळा होईल?” खुर्च्या आवरून झाल्याशिवाय त्यांना निघता येत नव्हतं. प्रश्नोत्तरं लांबली. त्या दिवशी त्या रोजच्यापेक्षा सव्वा तास उशिरा गेल्या. त्या स्त्रीवादी आहेत का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही झाली म्हणा.

मग घर सांभाळणाऱ्या बायका. माझ्या मावशीनं एकदा माझ्या लांबलचक बोलण्यानंतर विचारलं होतं, “म्हणजे माझं आयुष्य फुकट गेलं असं तुला म्हणायचंय का गं?” मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तिला तसं ऐकू आलं, आणि आठवून बघितलं तर माझ्या वाक्यांमध्ये ते होतंही. अमेरिकेत फिलिस श्लाफ्ली या स्त्रीवादविरोधी बाईनं याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, मंजूर केली होती. ३८ राज्यांची संमती लागणार होती, १९८२ ची मुदत संपली तेव्हा गाडी ३५ वरच अडकलेली होती. गृहिणींचं संरक्षण जाईल, त्यांना पोसायची नवऱ्याची जबाबदारी उरणार नाही, असा श्लाफ्लीचा प्रचार होता. ती स्वतः मात्र देशभर भाषणं देत होती, निवडणुका लढवून बसली होती आणि या लढाईच्या मधेच वकिलीची पदवी घेऊन मोकळी झाली. मला तिचं राजकारण अजिबात पटत नाही. पण जिची मिळकत म्हणजे नवऱ्याचा पगार, तिला पायाखालची सतरंजी ओढली जाईल अशी भीती वाटली, तर त्या भीतीला मूर्खपणा म्हणणं मला जमत नाही.

काहींचं कारण साधं असतं: ‘मला कधी कुणी अडवलं नाही.’ गर्ट्रूड बेल ही इंग्रज बाई वाळवंटं तुडवत फिरली, आल्प्स चढली, पुढे इराकच्या सीमा आखण्यात तिचा हात होता. आणि ब्रिटनमध्ये बायकांना मत मिळू नये म्हणून १९०८ मध्ये निघालेल्या संघटनेत ती पुढे होती. स्वतःला वाट सापडली की वाट सगळ्यांना आहे असं वाटू लागतं. या गटाशी माझं सगळ्यात कमी जमतं.

आणि काहींना कुठलाच ‘-वाद’ नको असतो. एक लेबल लावलं की त्याबरोबर पन्नास मतं गळ्यात पडतात. वेश्याव्यवसाय, पोर्नोग्राफी, सरोगसी यांवर स्त्रीवादीच एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत, तिथे बाहेरचीनं नेमकी कशावर सही करायची? ‘मानुषी’च्या संपादक मधू किश्वर यांनी १९९० मध्ये आपण स्वतःला स्त्रीवादी का म्हणवत नाही यावर लेखच लिहिला होता. बायकांच्या प्रश्नांवर कितीतरी वर्षं नियतकालिक चालवणारी बाई शब्द नाकारते, तेव्हा ‘हिला काही माहीतच नाही’ हे उत्तर चालत नाही.

तुम्ही मलाच विचाराल, तर आता मी स्त्रीवादी आहे असं सांगते, आणि त्यात शौर्य काही नाही. नोकरी पक्की झाली, केस पिकले, आता कुणाला काय वाटेल याची किंमत कमी झाली, एवढंच. पंचविशीतल्या मुलीनं तेच केलं पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडची एक मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन बसली. “मॅडम, मी काही स्त्रीवादी वगैरे नाही, पण…” मी पेन खाली ठेवलं. ठेवलं आणि त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हटलं, “ते राहू दे. ‘पण’च्या पुढचं सांग.” तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर दोन आकडे लिहिले होते, तिचा आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा.