“आमची तिसरी पिढी”, “आमचे स्वतःचे कारागीर”, “मजुरी शून्य” : सराफाच्या बोलण्यावर किती विसंबायचं?

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या लग्नासाठी तीन दुकानं पालथी घातली आणि तिन्हीकडे हेच ऐकलं. आता खरं कुणाचं मानायचं? मी कोल्हापूरच्या गुजरीत सराफी पेढीवर काउंटरला असते. ही वाक्यं मीही रोज बोलते. बहुतेकदा ती खरीच असतात, पण तुम्ही हातात धरलेल्या डागाबद्दल, म्हणजे दागिन्याबद्दल, त्यातून काहीच कळत नाही.

पिढीचंच घ्या. गिऱ्हाईकाला सोनं पारखता येत नाही, म्हणून सराफ आधी आजोबांची ओळख करून देतो. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का, नव्हता तेव्हा याला मोठा अर्थ होता. दुकानाचा शिक्का आणि तोच डाग परत नेल्यावर मिळणारा भाव, एवढाच काय तो पुरावा. आजही चांगल्या पेढ्या आपल्या शिक्क्याचा डाग खळखळ न करता परत घेतात. म्हणून पिढ्या मोजू नका. “हा उद्या मोडायला आणला तर किती वजन धराल?” असं विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून मागा.

आमच्याकडे लाखेवरचे दागिने पुष्कळ खपतात. बोरमाळ घ्या. वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. हातात घेतली की भरघोस वाटते. मोडायला आणली की लाख जळून जाते आणि पैसे उरलेल्या पत्र्याचेच मिळतात. यात फसवणूक नाही. कमी सोन्यात भरगच्च दिसावं म्हणूनच ती तशी घडवतात. पण विकतानाच एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगवेगळं दाखवायला हवं. कित्येक बायका पंधरा-वीस वर्षांनी बोरमाळ घेऊन येतात आणि काट्यावरचा आकडा बघून त्यांचा चेहरा पडतो. घेतानाच कुणी नीट सांगितलं असतं, तर ती वेळ आली नसती. खड्यांचंही तेच. खडे सोन्याच्या भावात तोलून घेऊ नका.

“आमचे स्वतःचे कारागीर” हे मात्र तुम्हाला काही अंशी जागेवर पडताळता येतं. हॉलमार्कच्या डागावर एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका. शुद्धता, दागिन्याचा प्रकार, तपासणी केंद्र आणि कोणत्या सराफाने हॉलमार्क करून घेतला त्याचं नाव दिसतं. तिथे दुसऱ्याच कुणाचं नाव आलं तर बहुधा माल घाऊक व्यापाऱ्याकडून आलाय. त्यात गैर काही नाही, बहुतेक दुकानं तयार माल भरतातच. पण मग “आमच्याच कारखान्यातली खास घडण” म्हणून जादा मजुरी द्यायचं कारण उरत नाही.

“मजुरी शून्य” ऐकलंत की आधी भावाचा फलक बघा. कारागीर फुकट घडवत नाही; ते पैसे कुठे ‘घट’ (घडवताना वाया जाणारं सोनं) म्हणून, कुठे खड्यांच्या किमतीत, तर कुठे 22 कॅरेटच्या डागाला 24 कॅरेटचा भाव लावून वसूल होतात. उघडपणे 12 टक्के मजुरी सांगणारा मला जास्त बरा वाटतो. 10 ग्रॅमच्या बांगडीवर ती 1.2 ग्रॅम सोन्याएवढी होते, हा हिशेब तुम्हालाही करता येतो.

हॉलमार्कचा मोठेपणा कुणी सांगत असेल तर तो त्याचा मोठेपणा नाही. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 2 ग्रॅमच्या आतल्या वस्तू, कुंदन-पोलकी अशा थोड्या सवलती आहेत. 22 कॅरेटवर 22के916 हा शिक्का बघा. तो शुद्धतेची हमी देतो, वजनाची नाही. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठी पक्की पावती जपून ठेवा.

आता तिन्ही दुकानांत परत जा. साधारण सारखाच डाग निवडा आणि चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून मागा: आजचा 22 कॅरेटचा भाव, निव्वळ वजन, मजुरी, आणि मोडताना होणारी वजावट. लिहून द्यायला जो का-कू करेल, तिथून उठा. लगीनसराईत शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी दुपारी जा, म्हणजे काउंटरवरच्या माणसालाही नीट बसून हिशेब समजावता येतो.