परवाना, आवाज आणि खिडकीमागची माणसं

प्रिय मित्रा,

रस्त्यावर कला सादर करायला परवाना सक्तीचा होणार, हे वाचून तू पेटून उठला आहेस. रागाला कारण आहेच. पण सुनावणीला जाण्याआधी एवढं ठरव, की तुझा विरोध नेमका कशाला आहे? सरसकट सगळेच नियम नकोत म्हणालास, तर तुझं कुणी ऐकून घेणार नाही.

वाटसरूला तुझं गाणं आवडलं नाही, तर तो पुढे निघून जातो. वरच्या मजल्यावर बसून काम करणाऱ्याला ती सोय नाही. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधला वाद याच मुद्द्यावर कोर्टात गेला. तिथे कार्यालय असलेल्या एका माध्यम कंपनीची तक्रार होती, की मोठ्या आवाजात तीच ती गाणी पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात. 2025 मध्ये कोर्टानं हा उपद्रव असल्याचं मान्य केलं आणि तो भाग ज्यांच्याकडे येतो त्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या पालिकेनं, चौकातल्या कलाकारांच्या जागा बंद केल्या. मला वाईट वाटलं, पण खिडकीमागच्या माणसांचं चुकलं असं म्हणवत नाही.

आता यातली तुझ्या कामाची गोष्ट. वेस्टमिन्स्टरमध्ये परवाना पद्धत 2021 पासून होतीच! कागद खिशात असला म्हणून आवाज कमी होत नाही. म्हणून परवान्याऐवजी आवाज, वेळ आणि एका जागी किती वेळ थांबायचं, यांचे नियम माग. ते मोडणाऱ्यावर कारवाई होऊ दे, पण न मोडणाऱ्याला आधीपासून गुन्हेगार समजू नका, असं ठामपणे सांग. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एका सार्वजनिक परिसरात कलाकारांना परवाना सक्तीचा होता आणि प्रेक्षकांकडे तोंडानं पैसे मागायलाही मनाई होती. फुग्यांच्या आकृत्या करणारा एक कलाकार त्याविरुद्ध लढला आणि 2009 मध्ये अपील कोर्टानं हे दोन्ही नियम रद्द केले.

कोर्ट दर वेळी आपल्याच बाजूनं असतं असं मात्र धरून चालू नकोस. लंडनच्याच कॅमडेनमध्ये विनापरवाना वाजवलं तर एक हजार पौंडांपर्यंत दंड आणि वाद्यं जप्त, असा नियम आला. त्याला आव्हान दिलं गेलं आणि 2014 मध्ये कोर्टानं कौन्सिलची बाजू उचलून धरली. जप्तीचं कलम मला सगळ्यात जास्त खुपतं. दंड भरून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो. गिटारच नेली तर तो दंड तरी कशातून भरणार?

लिव्हरपूलचा मार्ग मला जास्त पटतो. तिथली 2012 ची परवाना योजना कायदेशीर आव्हानापुढे मागे घ्यावी लागली, आणि नंतर कौन्सिल व कलाकारांनी एकत्र बसून मार्गदर्शक सूचना तयार केल्या. तुझ्या गावात हे सुचवायला तूच पुढे हो. एकटा जाऊ नकोस. जादूगार, मूकनाट्य करणारे, खडूनं चित्रं काढणारे, सगळ्यांना बरोबर घे. आवाजाचे नियम त्यांना लावून काय उपयोग, हेही अधिकाऱ्यांना कळू दे.

आणि उद्यापासून अँप, म्हणजे तुझा अ‍ॅम्प्लिफायर, भिंतीला टेकवून ठेवू नकोस. भिंतीमुळे बास, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, फुगतो आणि बंद काचेतूनही आत जातो. बास कमी कर, मग समोरच्या दुकानात जाऊन विचार, आत बोललेलं ऐकू येतं का. वाद्याची पेटी अशी ठेव की व्हीलचेअर अडणार नाही. पाच-सहा गाण्यांवर दिवस काढत असशील तर आणखी बसव, नाहीतर तासाभरानं जागा बदल.

मसुद्याची प्रत हाती आली की लगेच पाठव. जप्तीचं कलम आणि अपिलाची तरतूद आपण आधी वाचू, हरकतींची मुदत संपायच्या आत.

तुझा,
एक जुना वादक